घरगुती उटणे, मलम, क्रीम: कोणते नैसर्गिक घटक निर्धास्त वापरावेत आणि कोणते टाळावेत?

पारिजातक

नमस्कार. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी आमच्या दादरच्या इमारतीतल्या दहा-बारा घरांसाठी उटणे करते. कृती सासूबाईंच्या वहीतली आहे: मसूर डाळ, मुलतानी माती, आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, अनंतमूळ, संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, चंदन आणि बावची. काष्ठौषधींच्या दुकानातून सगळे आणायचे, कडकडीत वाळवायचे, दळायचे आणि वस्त्रगाळ करायचे.

यंदा इमारतीतल्या मुलींनी ओठांचे मलम, कोरफडीचे जेल, गुलाबपाणी आणि चेहऱ्याचे क्रीमही करू या, असा आग्रह धरला आहे. मात्र गेल्या वर्षी त्यांच्यापैकीच एकीच्या हातांवर उटण्यानंतर उन्हात फिरून आल्यावर पुरळ उठले होते आणि तेव्हापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे. यांतले कोणते घटक खरोखर निर्धोक आहेत आणि घरी काय करूच नये, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

जुना गिरगावकर

पारिजातकताई, इतका विचार करण्याजोगे यात काही आहे असे मला वाटत नाही. आमच्या चाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे एका परातीत कालवलेले उटणे अख्ख्या मजल्याला पुरत असे आणि कोणाला कधी काही झाल्याचे माझ्या स्मरणात नाही. जे पोटात चालते ते अंगाला चालतेच, हा माझ्या आईचा नियम होता. बाजारातली रसायने लावण्यापेक्षा स्वयंपाकघरातली वस्तू केव्हाही बरी.

प्रयोगवही

मी पंचवीस वर्षे सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

घटक नैसर्गिक आहे की नाही, हा माझा पहिला प्रश्न नसतो. त्यात पाणी आहे की नाही, हे मी आधी विचारतो. कोरडी पूड आणि पाण्याचा अंश नसलेले तेल-मेणाचे मलम यांत जंतू सहसा वाढत नाहीत, कारण त्यांना वाढायला पाणी लागते. म्हणून उटणे, शिकेकाई, ओठांचे मलम या गोष्टी घरी करण्यासारख्या आहेत. याउलट कोरफडीचे जेल, घरचे गुलाबपाणी आणि पाणी व तेल एकत्र घोटून केलेले क्रीम म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेले ताट आहे. वास येण्याच्या किंवा रंग बदलण्याच्या कितीतरी आधी त्यांत जंतूंची संख्या धोक्याच्या पातळीवर गेलेली असू शकते, आणि असे क्रीम डोळ्यांजवळ किंवा फुटलेल्या मुरमांवर लागले तर संसर्ग होतो. पाणी उकळून घेतले म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते, परंतु आपण बरणीत रोज बोट घालतो तेव्हा त्या उकळण्याला अर्थ उरत नाही.

गिरगावकर, आपल्या परातीतले उटणे त्याच पहाटे कालवले जाई आणि तासाभरात संपे. ते निर्धोक असण्याचे निम्मे श्रेय त्या संपण्याला द्यावे लागेल.

सोनसळी

लिंबाविषयी सांगितलेच पाहिजे. माझ्या भाचीने चेहरा उजळावा म्हणून लिंबाचा रस आणि मध लावला, नीट न धुता ती मैत्रिणींबरोबर गोराईच्या किनाऱ्यावर गेली, आणि दोन दिवसांनी गालावर व मानेवर ओघळाच्या आकाराचे लाल चट्टे उठून त्यांवर फोड आले. फोड बरे झाले, पण काळपट डाग जायला चार महिने लागले. रंग उजळण्याच्या नादात पोरीने होता तो रंगही घालवला.

परळची डॉक्टर

सोनसळी यांनी वर्णन केलेला प्रकार त्वचारोग विभागात ओळखीचा आहे. लिंबाच्या सालीत आणि काही प्रमाणात रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. चट्टे लगेच न येता एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे रुग्णाला लिंबाचा संशयही येत नाही. या बाबतीत आपले कागदी लिंबू परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा जास्त त्रासदायक आहे. शिवाय त्वचेचा सामू (pH; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.५, त्यामुळे ऊन नसले तरी आग होतेच. खाण्याचा सोडा नेमका उलट्या टोकाला आहे, कारण त्याचा सामू ८ च्या वर जातो. तोही चेहऱ्याला लावू नये.

आता पारिजातक यांच्या यादीतले शेवटचे नाव, बावची. बावचीत सोरालेन असते, ते याच कुळातले द्रव्य आहे आणि कोडाच्या उपचारात प्रकाशासोबत त्याचा उपयोग मोजून-मापून केला जातो. अभ्यंगस्नानानंतर नवे कपडे घालून दिवसभर उन्हात फिरणाऱ्या मुलीच्या उटण्यात तिचे काहीच काम नाही. गेल्या वर्षीच्या पुरळाचे कारण तेच होते असे मी न तपासता म्हणणार नाही, मात्र ऊन आणि पुरळ यांची जोडी पाहता बावची यादीतून काढून टाकावी.

पारिजातक

डॉक्टर, मनापासून आभार. सासूबाईंच्या वहीत बावचीपुढे "चिमूटभर" असे लिहिले होते आणि दुकानदाराने गेल्या वर्षी पन्नास ग्रॅमची पुडी बांधून दिली होती. मी ती अख्खी घातली.

जुना गिरगावकर

म्हणजे दोष वहीचा नव्हता, ही आनंदाची गोष्ट आहे.

चिंचपोकळीचा चाफा

जे पोटात चालते ते अंगाला चालते, या नियमावर माझा आक्षेप आहे. लालबागला मसाला कांडून आणला की त्या दिवशी कोणी पिठल्यातली मिरची गालाला लावून पाहावी, एवढेच सुचवतो.

परळची डॉक्टर

चाफा यांच्या विनोदाला एक गंभीर जोड देते. जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाच्या प्रथिनांचे विघटन करून केलेला घटक घातला होता. तो साबण वापरणाऱ्या २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाल्याचे नोंदवले गेले आणि ज्यांनी आयुष्यभर गहू खाल्ला होता त्यांना तो खाल्ल्यावर त्रास होऊ लागला. २०१० मध्ये त्याची विक्री थांबली. अन्न पोटातून शरीराची ओळख करून घेते तेव्हा शरीर सहसा ते आपलेसे करते; तेच अन्न खरवडलेल्या किंवा फुटलेल्या त्वचेतून आत गेले तर शरीर त्याला शत्रू समजू शकते. म्हणून ज्या बाळांना इसब आहे त्यांना डाळीचे पीठ, दूध किंवा शेंगदाण्याचे तेल चोळू नये, असे मी आयांना आणि विशेषतः आज्यांना आवर्जून सांगते. आज्या ऐकत नाहीत.

वसईची ताई

आज्या ऐकत नाहीत, कारण त्यांनी सहा मुले त्याच पिठाने वाढवलेली असतात. असो.

माझा अनुभव पावसाळ्याचा आहे. जुलैत संत्र्याच्या साली आणि गुलाबपाकळ्या गॅलरीत वाळत घातल्या, हाताला कोरड्या लागल्या म्हणून दळल्या आणि डब्यात भरल्या. गणपतीत डबा उघडला तर आत करड्या बुरशीचे जाळे होते. मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर काहीही पूड करून साठवू नये. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे, साल बोटात कडकन मोडली तरच दळावी आणि पूड गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या बरणीत भरावी. दळताना गरम झालेली पूड लगेच भरली तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचे वापरू नये, सगळे टाकावे. काटकसरी माणसाला हे जड जाते, मलाही गेले होते.

मध्यरेल्वे

मी स्वतः काहीही रसायन वापरत नाही. क्रीम टिकावे म्हणून त्यात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालते, तेवढे पुरते. शिवाय घरी शतधौत घृत करते. तूप तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्याने धुऊन घेतले की लोण्यासारखे पांढरेशुभ्र आणि हलके होते. त्याला कसलाही परिरक्षक लागत नाही.

प्रयोगवही

मध्यरेल्वे, दोन्ही गोष्टींत गल्लत होते आहे. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, कारण ते तेलाचे ऑक्सिडीकरण रोखते. जंतूंवर आणि बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. शतधौत घृत ही सुंदर कल्पना आहे, पण शंभर वेळा धुताना तुपात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून राहतात, त्यामुळेच ते पांढरे आणि हलके होते. म्हणजे साधे तूप पाण्याविना टिकते आणि हे धुतलेले तूप पाण्यासह असते. ते थोडे करावे, थंडीत ठेवावे, चमच्याने काढावे आणि आठवड्याभरात संपवावे.

आणि 'रसायन' या शब्दाला आपण उगाच बदनाम केले आहे. सरबताच्या बाटलीवर बारीक अक्षरात सोडियम बेंझोएट लिहिलेले असते. तेच सौंदर्यप्रसाधनातही वापरतात, मात्र मिश्रणाचा सामू ५ च्या खाली असेल तरच ते काम करते. ही मोजमापे घरी नीट जमत नाहीत, म्हणून घरी पाण्याचे क्रीम करू नये असे माझे मत आहे. परिरक्षक वाईट असतात म्हणून मी ते म्हणत नाही.

मध्यरेल्वे

आठवड्याभरात संपवायचे असेल तर शंभर वेळा धुण्याचे कष्ट कोणी करायचे?

प्रयोगवही

आपण हा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारला आहे.

नव्या मुंबईचा नवशिक्या

कोरफडीबाबत विचारायचे होते. कुंडीतले पान कापून थेट गालावर चोळले तर खाज सुटते. बाजारातले जेल लावले तर सुटत नाही. माझी कोरफड खोटी आहे का?

वसईची ताई

कोरफड खरी आहे, घाई खोटी आहे. पान कापल्यावर त्यातून पिवळा, कडू चीक येतो आणि खाज त्यानेच सुटते. पान बुडखा खाली करून पेल्यात उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग हिरवी साल व तिच्यालगतचा पिवळा थर दोन्ही काढून मधला पारदर्शक गर स्वच्छ धुऊन घ्यावा. तो गर त्याच दिवशी वापरावा, फार तर शीतकपाटात दोन-तीन दिवस. कुंडीत झाड असताना बाटलीत साठवण्याची हौस कशाला?

सोनसळी

घरच्या काजळाविषयी कोणी लिहिले नाही. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवायची आणि तुपात कालवायची, ही पद्धत आमच्या घरी अजून आहे.

परळची डॉक्टर

तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घरचे किंवा बाजारचे कोणतेही काजळ घालू नये. ते काजळ घालणाऱ्या बोटाबरोबर जंतू जातात, अश्रुनलिका बुजू शकते, आणि काजळीत ज्वलनातून तयार होणारी घातक द्रव्ये असतात. सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुडींत तर शिशाचे संयुग असते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी, तिथे दृष्टही पडत नाही आणि बोटही तोंडात जात नाही.

तसेच तान्ह्या बाळाला मेंदी लावू नये. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये मेंदीतल्या रंगद्रव्याने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. मुंबईत पारशी समाजात ही कमतरता तुलनेने जास्त आढळते, पण ती कोणातही असू शकते. मोठ्यांनीही अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणारी मेंदी टाळावी. खरी मेंदी केशरी ते तपकिरी रंगते. काळ्या रंगासाठी बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने आलेले फोड मी दर लग्नसराईत पाहते.

चिंचपोकळीचा चाफा

कुंकवाचे काय? आमच्या मावशी केमचेच कुंकू लागते असे म्हणतात. मी लहानपणी समजत होतो की ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मिळते, म्हणून ते औषधी असते.

प्रयोगवही

केम हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले गाव आहे आणि तिथला कुंकवाचा व्यवसाय प्रसिद्ध आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून होते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, यासाठी टाकणखार आणि लिंबाचा रस वापरण्याची रीत आहे. स्वस्त, भडक आणि जड कुंकवात मात्र कृत्रिम रंग किंवा शिशाची संयुगे असण्याची भीती असते. उटण्यातल्या हळदीलाही हे लागू आहे. अतिपिवळी सुटी पूड न घेता हळकुंडे आणून दळावीत, कारण हळदीच्या पुडीत लेड क्रोमेटची भेसळ होते हे जगभर आढळले आहे. चंदनाचेही तसेच: जे चंदन खडीसाखरेच्या भावात मिळते, ते दुसऱ्याच झाडाचा भुसा अत्तरात भिजवून केलेले असते.

लोअर परळची लेखणी

मला वाटते सुगंधी तेलांवर बोलायला हवे, कारण मुलींना क्रीमपेक्षा त्याचे आकर्षण जास्त असते. लवंग आणि दालचिनीचे तेल मी हौसेने ओठांच्या मलमात घातले आणि ओठ दोन दिवस सुजले. "नैसर्गिकरीत्या ओठ भरीव दिसतात" असा दावा मी करू शकले असते.

प्रयोगवही

दालचिनीचे तेल चेहऱ्यावर आणि ओठांवर अजिबात नको. बाकीची सुगंधी तेलेही चेहऱ्यासाठी एक टक्क्याच्या खाली ठेवावीत. सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, त्यामुळे ३० मिलिलिटर तेलाला जास्तीत जास्त सहा थेंब. ही तेले पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून बादलीत टाकली की तशीच तरंगतात आणि जिथे लागतील तिथे जाळतात. उघडून जुने झालेले टी ट्री तेल हवेशी संयोग होऊन अधिक ॲलर्जीकारक होते, ते टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलांना कापूर आणि निलगिरीचे तेल लावू नये. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

जुना गिरगावकर

मी इतके वाचून थोडा नरमलो आहे, हे कबूल करतो. परंतु घरचा साबण तरी चालेल ना? खोबरेल तेल आणि कॉस्टिक एवढेच तर लागते.

प्रयोगवही

चालेल, पण अंदाजाने नाही. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर ऑलिव्ह तेलाला साधारण साडेतेरा ग्रॅम. म्हणजे पाककृतीतले तेल बदलले आणि सोडा तेवढाच ठेवला तर उरलेला सोडा साबणात राहतो आणि अंग भाजतो. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत अचूक हवा. सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण उसळते. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण सोड्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, मुले व मांजर स्वयंपाकघराबाहेर. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. दिवाळीसाठी आता उशीर झाला आहे, एवढे मी आपल्याला प्रेमाने सांगतो.

मध्यरेल्वे

आमच्या सोसायटीत एक ताई असे साबण आणि उटणे समाजमाध्यमांवर विकतात. त्याला परवानगी लागते का?

प्रयोगवही

भेट म्हणून शेजारी देणे वेगळे आणि विकणे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचे मुख्यालय आहे. घरगुती आहे म्हणून सूट मिळते हा गैरसमज आहे.

पारिजातक

सर्वांचे आभार. आता ठरवले आहे ते लिहिते, चूक असल्यास सुधारावे. उटण्यातून बावची पूर्ण बाद. संत्र्याची साल कमी आणि कडक वाळवून. हळकुंडे आणि आंबेहळद घरी दळून. चंदन परवडले तर खरे, नाहीतर नाही. ओठांसाठी एक भाग मधमाश्यांचे मेण, एक भाग कोकमतेल म्हणजे आमचे भिरंडेल, आणि तीन भाग बदाम तेल. वास नाही. क्रीम, गुलाबपाणी आणि कोरफडीचे जेल करणार नाही, मुलींना त्याऐवजी एकेक कोरफडीची कुंडी देणार आहे. एक शंका उरते: वस्त्रगाळ केल्यावर कापडावर जो जाडसर चोथा राहतो, तो टाकावा का?

परळची डॉक्टर

यादी उत्तम. फक्त वापरण्यापूर्वी प्रत्येकीने चाचणी घ्यावी. उटणे कालवून कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढे लावावे आणि पाच मिनिटांनी धुवावे. मलम मात्र तसेच राहू द्यावे. असे दिवसातून दोनदा, सात दिवस. पहिल्याच दिवशी काही झाले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, ॲलर्जी उमटायला दोन-तीन दिवसही लागतात. चोथा चेहऱ्याला चोळू नये, त्याच्या कडा त्वचेला ओरखडतात.

वसईची ताई

चोथा टाकू नका. मलमलीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून आंघोळीच्या गरम पाण्यात सोडा, वाळ्या-नागरमोथ्याचा वास सुटतो. आंघोळीनंतर पुरचुंडी सोडवून चोथा तुळशीत टाका, ओला तसाच न्हाणीघरात ठेवू नका. आणि मेणाचे प्रमाण थोडे वाढवा, मुंबईच्या उन्हाळ्यात ते मलम पर्समध्ये वितळते. माझे मे महिन्यात विरार लोकलमध्ये वितळले आणि त्यात माझा पासही न्हाऊन निघाला.

पारिजातक

मेण दीड भाग करते. आणि डब्यांवर दळल्याची तारीख लिहिणार आहे. सासूबाई वहीत तारीख लिहीत नसत, पण त्यांचे उटणे कधी भाऊबीजेपलीकडे उरलेच नव्हते.